एक अर्ज, दोनशे एकेचाळीस सह्या

४ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात वेगळे मोजून देत नाही. फोन का करत नाही म्हणून रुसू नकोस. माझ्या कानांचा प्रकार तुला ठाऊक आहे. फोनवर अर्धं बोलणं वाया जातं आणि उरलेल्या अर्ध्यात मी ओरडतो. पत्रच बरं.

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, आणि आता बाजारात उभा राहून बघतो तर त्यातलं कुणाच्या डोक्यात काडीचंही उरलेलं नाही. परवा केस कापून घेताना सहज विचारलं, "आपल्याकडे कायदे कोण करतं रे?" तो कात्री थांबवून म्हणाला, "पोलीस." माझाच विद्यार्थी! मीच त्याला पास केलेलं! मान त्याच्या हातात होती म्हणून गप्प बसलो, नाहीतर तिथल्या तिथे धडा घेतला असता.

घरी येऊन ठरवलं की नुसतं हळहळून उपयोग नाही. मी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली केली आहे. दहा प्रश्न आपल्या राज्यकारभारावर, दहा जगाच्या घडामोडींवर. उत्तरं गोळा करून एक पुस्तिका लिहिणार आहे, ‘सामान्य नागरिकाचे अज्ञान : एक पाहणी’. मार्चअखेर निवृत्त शिक्षकांचा मेळावा आहे, तिथे ती वाचायची असं अध्यक्षांशी बोलणं झालं आहे.

तुझ्या शिवणाच्या दुकानात दिवसभर माणसं येतात. पन्नास प्रती पाठवतोय. कपडे टाकायला येईल त्याच्याकडून भरून घे. नियम दोनच : सांगायचं नाही आणि हसायचं नाही. तू भर, मेहुण्यांकडूनही भरून घे. त्यांच्या पायाची जखम भरली का? साखर जपायला सांग.

तुझा,
दादा


१९ जानेवारी

दादा,

नमस्कार. चौतीस कागद भरून पाठवतेय. पहिला नियम पाळला, दुसरा जमला नाही.

शाळेची बस चालवणाऱ्याला विचारलं, कायदे कोण करतं? म्हणाला, "ज्यांना ते पाळायचे नसतात ते." जगात सध्या युद्ध कुठे चालू आहे, ह्याला बँकेच्या रखवालदाराने लिहिलंय, "टीव्हीवर." बेकरीवालीला तुझा संयुक्त राष्ट्रांचा प्रश्न फार आवडला. ती म्हणाली, "भांडण पार होऊन गेल्यावर यायचं आणि काळजी वाटते म्हणून सांगायचं, हेच ना त्यांचं काम? आमच्या मोठ्या जाऊबाई करतात तेच." आपल्या प्रभागातून कोण निवडून आलंय हे चौतीसपैकी दोघांनी सांगितलं. दोघांनी दोन वेगळी नावं सांगितली.

ह्यांनी पहिल्या प्रश्नापुढे "माहीत नाही" लिहिलं आणि बाकी एकोणीस ठिकाणी "वरीलप्रमाणे". मला चार आली. सातवीनंतर मला शिवणाच्या वर्गात घातलं आणि तुला कॉलेजात, तेव्हा माझे उरलेले सोळा गुण बाबांकडे मागायला हवेत, ते काही आता भेटायचे नाहीत.

बरं, तू शिकवायचास त्यातलंच एक काम निघालंय. आमच्या कोपऱ्यावरचा नगरपालिकेचा दवाखाना तुला लिहिला होता ना? ह्यांना मी तिथेच एक दिवसाआड ड्रेसिंगला नेते. माझ्या खांद्यावर हात टाकून सात मिनिटांत पोचतात. त्या दवाखान्याच्या दारावर एक कागद चिकटवलाय. सगळे त्याच्याच खाली रांगेत उभे राहतात आणि कुणी वाचत नाही. मीही चौथ्या खेपेला वाचला, तोसुद्धा सिस्टरला उशीर झाला म्हणून. हा दवाखाना बंद करून नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात मिळवणार आहेत. दहा जानेवारीपासून तीस दिवसांत हरकती द्या म्हणून लिहिलंय, आणि खाली बारीक अक्षरांत बरंच काही.

पलीकडे जायला दोन बस बदलाव्या लागतात. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, त्यांना आता बसची पायरी चढवत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, लागोपाठ दोन ड्रेसिंग चुकली तर पायाचं बोट वाचेल ह्याची खात्री नाही. तेव्हा दवाखाना गेला तर काय होणार ते मला डोळ्यांसमोर दिसतंय, आणि मला भीती वाटते.

तूच सांग, हरकत म्हणजे काय करायचं? तो कागद जसाच्या तसा उतरवून पाठवू का?

धाकटी


२४ जानेवारी

धाकटे,

तुझे चौतीस कागद वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. सरासरी विसापैकी सव्वातीन! आणि ही माणसं मत देतात. रखवालदाराचं उत्तर मी पुस्तिकेत पहिल्या पानावर घेणार आहे. मेहुण्यांना कळव की "वरीलप्रमाणे" हे उत्तर होत नाही.

आता दवाखान्याचं. घाबरू नकोस. उलट मला आनंद झाला. इतकी वर्षं फळ्यावर जे लिहिलं ते एकदा तरी रस्त्यावर करून बघायला मिळतंय, तेही माझ्याच बहिणीच्या हातून. नोटिशीची नक्कल पाठवायची गरज नाही. असल्या नोटिसा सगळ्या एकाच साच्याच्या असतात, मी शेकड्यांनी वाचल्या आहेत.

सोबत चार पानी अर्ज लिहून पाठवत आहे. तो जिल्ह्याच्या आरोग्य प्रमुखांच्या नावे आहे, कारण आरोग्य हा जिल्ह्याचा विषय (आमचं पाठ्यपुस्तक, प्रकरण सहावं). हा एकच अर्ज आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या. प्रत्येकाने वेगवेगळं काही लिहीत बसू नये. शंभर अर्ज म्हणजे शंभर कुरकुरे लोक, पण एक अर्ज आणि शंभर सह्या म्हणजे जनमत! हे वाक्य वर्गात मी दर वर्षी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत असे. शिवाय तुमच्याकडच्या मंडळींना स्वतःचं लिहायला लावलंस तर काय बाहेर पडेल, ते चौतीस कागदांवरून दिसतंच आहे.

सह्या स्वच्छ घे. मुदत नऊ फेब्रुवारीला संपते, हे मी बोटांवर मोजलं आहे.

तुझा,
दादा


३ फेब्रुवारी

दादा,

दोनशे एकेचाळीस! तू शंभर म्हणाला होतास. मला स्वतःलाच खरं वाटत नाही.

सोपी युक्ती केली. सही केल्याशिवाय शिवलेले कपडे द्यायचे नाहीत. एकाला लग्नाला जायचं होतं, कोट माझ्याकडे होता, त्याने स्वतःची केली आणि घरातल्या सहा जणांना धरून आणलं. बेकरीवालीने तिच्या दुकानात एक पान ठेवून घेतलं, त्याला थोडं लोणी लागलंय, ते मी खडूची पूड टाकून काढलं.

चार पानं मात्र कुणी वाचत नाही. बेकरीवालीने प्रयत्न केला. म्हणाली, "हे दवाखान्याचंच आहे ना? मग वर लोककल्याणकारी राज्य आणि त्याचा उगम असं का आहे?" मी म्हटलं, ते दादाचं आहे, तू सही कर. तिने केली.

एक शंका आली. तू जिल्ह्याच्या साहेबांचं नाव घातलंयस आणि नोटिशीत प्रभाग कार्यालय, खिडकी तीन असं आहे. पण तुला जास्त कळतं म्हणून वरचं नाव तसंच ठेवलंय. द्यायला मात्र खिडकी तीनवरच जाईन, जवळ पडतं. परवा जाते. ह्यांनी मला त्या दिवशी इस्त्रीचा कुडता घालायला सांगितलाय, जणू माझाच सत्कार आहे!

दादा, एक सांगू? आजवर तू मला काही काम सांगितलं नव्हतंस. प्रश्न विचारायचास, उत्तर चुकलं की हसायचास. ह्या वेळी काम सांगितलंस. बरं वाटलं.

धाकटी


१२ फेब्रुवारी

दादा,

तुझा अर्ज दिला. शिक्का मारून पोच मिळाली. नऊ तारीख होऊन गेली, आता सुनावणी आहे म्हणतात.

गेले काही दिवस मशीनला हात लागला नाही. पाय भरून आलेत. कपड्यांचा ढीग छताला टेकलाय आणि गिऱ्हाइकं माझ्या नावाने बोटं मोडताहेत. हे बरे आहेत. सविस्तर मागाहून लिहीन.

धाकटी


१८ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं एवढंसं पत्र, पण मी ते तीनदा वाचलं. मशीन बंद, पाय भरून आलेले! वस्तीने आनंदात तुला घरोघर नाचवलेलं दिसतंय. माझ्या डोळ्यांसमोर सगळं चित्र उभं राहिलं. अगं, ह्यालाच लोकजागृती म्हणतात.

मी पुस्तिकेत एक नवं प्रकरण घातलं आहे, ‘एका अर्जाने जागी झालेली वस्ती’. तुझं नाव नाही, "एक शिवणकाम करणारी महिला" असं लिहिलं आहे. तुझे गुण चारवरून दहावर नेले आहेत. ह्यापेक्षा जास्त देता येत नाहीत, कारण जगाच्या भागात तुझी सगळीच उत्तरं कोरी आहेत, आणि शिक्षकाने नात्याकडे बघून गुण देऊ नयेत.

इथे माझी पाहणी चालूच आहे. भाजीवाल्यापासून बँक मॅनेजरपर्यंत सव्वाशे झाले. मॅनेजरला चार खंडांपलीकडे नावं सांगता आली नाहीत. देशाचं कसं होणार, कळत नाही.

सुनावणीत कुणी फार बोलू नका. अर्ज बोलेल.

दादा


६ मार्च

दादा,

दवाखाना राहिला.

परवा आदेश निघाला. सुनावणीला आमच्याकडची साठेक माणसं आली होती, खुर्च्या पुरल्या नाहीत. बेकरीवाली उभी राहून बोलली. नंतर तिला थांबवणं कठीण गेलं. सिस्टरने बाहेर येऊन माझे दोन्ही हात धरले. मी नुसती रडले. रडायचं कारण नव्हतं, पण आलं.

ह्यांचा पाय आता चांगला आहे. ड्रेसिंग आठवड्यातून एकदाच. काळजी करू नकोस.

धाकटी


११ मार्च

धाकटे,

मी पत्र हातात घेऊन सबंध गल्लीभर फिरलो. केस कापणाऱ्यालाही वाचून दाखवलं. त्याला फारसं कळलं नाही, पण त्याने टाळ्या वाजवल्या.

मात्र मुख्य गोष्ट राहिली. आदेशाची नक्कल कुठे आहे? मला तो मेळाव्यात वाचायचा आहे. तीस मार्चला दुपारी चार वाजता, दोनशे शिक्षक असतील, आणि त्यांतले निम्मे असे आहेत जे मला आयुष्यभर ‘पुस्तकी’ म्हणत आले. माझ्या अर्जाबद्दल आदेशात काय म्हटलं आहे ते शब्दशः हवं. वीस तारखेच्या आत पाठव. विसरू नकोस, हे माझ्यासाठी फार मोठं आहे.

मेहुण्यांचा पाय सुधारला हे वाचून हायसं वाटलं. बघ, वेळेवर ड्रेसिंग झालं की जखम भरतेच.

दादा


१७ मार्च

दादांना नमस्कार.

मी तुम्हाला आजवर पत्र लिहिलेलं नाही. लिहायची सवय नाही. आमच्या कामात चिठ्ठी म्हणजे "लिफ्ट बंद आहे" एवढीच. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही आदेश मागितलात. ती पाठवायची नाही म्हणते. कपाटात घड्यांखाली ठेवलाय. मी काढून झेरॉक्स केली, सोबत आहे. ती दुकानात आहे तोवर लिहितोय. तुम्ही दोनशे माणसांसमोर उभे राहणार आणि कुणीतरी तोच कागद दाखवून तुम्हाला खाली बसवणार, असं व्हायला नको म्हणून पाठवतोय. तिला वाटतं तुम्हाला कळूच नये. मला वाटतं कळावं. आमचा ह्यावर वाद झाला आणि मी हरलो.

पान दोन बघा. "सामूहिक अर्ज : एक. सह्या दोनशे एकेचाळीस. नियमाप्रमाणे एक हरकत धरली. अन्य अधिकाऱ्याच्या नावे असल्याने विचारात घेतली नाही. वैयक्तिक हरकती : एकशे त्रेसष्ट. विचारात घेतल्या."

नोटिशीत ते बारीक अक्षरांत होतं. प्रत्येकाने स्वतंत्र हरकत द्यायची, नाव, पत्ता आणि स्वतःचं कारण स्वतःच्या शब्दांत. छापील किंवा एकसारखा मजकूर असेल तर सगळे मिळून एकच धरणार. खिडकीवरच्या बाईंनी तिला हे पाच फेब्रुवारीला सांगितलं. ती घरी आली ती कुडत्यासकट जमिनीवर बसली. मी म्हटलं, दादांना फोन करतो. म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाही." मग म्हणाली, "आणि सांगायचं नाही."

उरलेल्या चार दिवसांत ती मापवही घेऊन घरोघर गेली. ज्या वहीत छाती, कंबर, बाही लिहिते त्याच वहीत. दारात उभी राहून एकच विचारायची, "तू दवाखान्यात कशाला जातोस?" समोरचा जे सांगेल ते लिहून घ्यायची आणि म्हणायची, हेच आता तुझ्या हाताने कागदावर लिही. लोक म्हणायचे, आम्हाला काय कळतंय. ती म्हणायची, तुला कशाला जातोस ते कळतं ना? एकाचं कारण दुसऱ्याला लावू द्यायची नाही. दोन बहिणींनी एकसारखं लिहिलं तर दोघींनाही पुन्हा बसवलं.

बसवाल्याने लिहिलं, "मी रोज चाळीस मुलं नेतो. माझा रक्तदाब इथे तपासतात. दोन बस बदलून तपासायला गेलो तर त्या दिवशी मुलांना कोण नेणार." सुनावणीत साहेबांनी हेच मोठ्याने वाचलं आणि पेन खाली ठेवलं. तुमच्या कागदावर त्याला तीन गुण होते.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी तिने लिहिलं आणि साक्षीदार उभा केला. एकशे त्रेसष्ट झाले. बाकीच्यांना वेळ पुरला नाही.

आता पायाचं. ती फिरत होती आणि लोक तर दुकानात येत होते, काय लिहायचं विचारायला. म्हणून मी तिथे बसून राहिलो. सहा तारखेचं आणि आठ तारखेचं ड्रेसिंग चुकलं. तिने विचारलं तेव्हा शेजाऱ्याचा हात धरून जाऊन आलो असं मी तिला सांगितलं. ते खोटं होतं. दहा तारखेला सिस्टरने पट्टी उघडली आणि मोठ्या इस्पितळात पाठवलं. करंगळी काढली. नदीपलीकडचं ते इस्पितळ, त्या निमित्ताने ते बघून झालं.

करंगळीच होती. तसा तिचा मला काही उपयोग नव्हता. दोष तुमचा नाही, खोटं मी बोललो. पण तुम्ही "वेळेवर ड्रेसिंग झालं की जखम भरतेच" असं लिहिलंत आणि ते वाचून ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. म्हणून म्हटलं, आता कळवावं.

हे पत्र मी लिहिलं हे तिला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमचा मेहुणा


२ एप्रिल

धाकटे,

मेहुण्यांनी मला पत्र लिहिलं. त्यांच्यावर चिडू नकोस. मला सगळं कळलं आहे, पान दोनसकट, बोटासकट.

गेले पंधरा दिवस मी तुला पत्र लिहायला बसतो आणि उठतो. आधी तुझाच राग आला. मला का सांगितलं नाहीस? मी काय लहान मूल आहे? मग तुझी सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावून पुन्हा वाचली. नक्कल पाठवू का, असं तू विचारलं होतंस. मी नको म्हणालो. वरचं नाव जुळत नाही, हेही तू लिहिलं होतंस. मी त्याला उत्तरसुद्धा दिलं नाही. शेकडो नोटिसा वाचल्याचं मी तुला लिहिलं होतं, ते खरं नाही. मी एकही वाचलेली नाही. एकतीस वर्षांत एकाही सरकारी कचेरीच्या खिडकीशी मी उभा राहिलो नाही; पगाराचं, निवृत्तीचं, सगळं शाळेचा कारकून करून आणायचा. मी फक्त प्रकरण सहावं वाचत आलो.

मेळाव्याला गेलो. पुस्तिका पिशवीतच ठेवली. उभा राहून आदेशाचं पान दोन वाचलं आणि सांगितलं की हा जो विचारात न घेतलेला एक अर्ज आहे तो मी लिहिला, आणि ज्या एकशे त्रेसष्टांमुळे दवाखाना राहिला त्यांच्या वस्तीला मी सरासरी सव्वातीन गुण दिले होते. अध्यक्ष माझी बाजू सावरायला म्हणाले, "आदेशात छपाईची चूक असेल." मी म्हटलं, नाही, चूक माझीच आहे. मग चहा झाला. चहाला माझ्याशी फारसं कुणी बोललं नाही. फक्त आमचे व्यायामशिक्षक जवळ आले आणि हळूच म्हणाले, "आपल्याकडे ती खिडकी कुठे असते हो?" मी म्हटलं, मलाही माहीत नाही, उद्या शोधू.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे शोधायला गेलो. सापडली. शेजारी नोटिशींचा फलक होता. आमच्या गल्लीतला बसथांबा लांब नेला म्हणून मी महिनाभर सगळ्यांकडे कुरकुर करतोय. त्याची नोटीस तिथे ऑक्टोबरपासून टाचलेली होती. खाली लिहिलं होतं, "हरकती : शून्य." व्यायामशिक्षक हसले. मला हसू आलं नाही.

बोटाचं वाचल्यापासून मला नीट झोप नाही. मेहुणे म्हणतात दोष माझा नाही. ते चांगले आहेत म्हणून म्हणतात. माझा अर्ज बरोबर असता तर तू सहा तारखेला घरी असतीस. हे मी कुठल्याही बाजूने फिरवून बघितलं तरी असंच येतं. मला माफ कर असं लिहायचं होतं, पण ते पत्रात फार सोपं जातं, म्हणून प्रत्यक्ष म्हणेन.

मी येतो आहे. चांगला महिनाभर राहीन. ड्रेसिंगला मेहुण्यांना मी नेईन, तू मशीनवर बस. तू ह्या घरात राहायला आलीस त्याला अकरा वर्षं झाली. पाकिटावर लिहून लिहून तुझा पत्ता मला पाठ आहे, पण स्टेशनवरून तिथे यायचं कसं, ते मला माहीत नाही. लिहून पाठव.

दादा


८ एप्रिल

दादा,

ह्यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलावं लागलं, कपाटातलं आणखी काय काय त्यांनी वाचलंय ते विचारायला.

तुला राग आला होता ना, मलाही आला होता. कशाला लपवू? खिडकीवरच्या त्या बाई नियम वाचून दाखवत होत्या आणि मला फक्त तुझं अक्षर दिसत होतं, चार पानं, किती सुंदर, कुठे खाडाखोड नाही. वाटलं, तिथेच फाडून टाकावीत. घरी येईपर्यंत राग उतरला आणि भीती वाटायला लागली. तुला सांगितलं असतं तर तू शरमेने पत्र लिहायचं सोडलं असतंस. लग्नानंतर तुझी पत्रं म्हणजे वर्षाला एक, तेही चौकशीचं. ह्या तीन महिन्यांत पाच आली. मला ती हवी होती. एवढंच कारण आहे, फार मोठं काही नाही.

बोटाचं मी स्वतःलाही लावून घेतलंय. मी एकदा तरी पट्टी उघडून बघायला हवी होती. हे म्हणतात मी खोटं बोललो, तू म्हणतोस माझा अर्ज चुकला, मी म्हणते मी बघितलं नाही. तिघांनी वाटून घेऊ आणि पुढे जाऊ. एक करंगळी तिघांत तशीही फार नाही.

ये. महिनाभर ये. बुधवारी सकाळच्या गाडीने निघ म्हणजे साडेदहाला पोचशील. पुढच्या दाराने बाहेर पडू नकोस, तिथे सगळे मोटारवाले अंगावर येतात. मागच्या जिन्याने उतर, उजवीकडे वळ, भिंत संपली की पहिली गल्ली सोडून दुसरी. घरी येऊच नकोस, कुलूप असेल. सरळ दवाखान्यातच ये. अकराला आम्ही तिथे रांगेत असतो, हे बाकावर आणि मी उभी.

रस्ता चुकलास तर कुणालाही विचार, दवाखाना कुठे आहे. इथे सगळ्यांना माहीत आहे.

धाकटी